दिलेलं अंग : प्रो-रेसलिंगनं एमएमएकडून काय घ्यावं?



ज्या वस्तादांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यात कधी नुरा, म्हणजे आतून ठरवलेली, कुस्ती लावली नाही. जोड निकाली असेल तर लावायची, नाहीतर नाही, असा त्यांचा खाक्या. कुस्ती बरोबरीत सोडवा म्हणून गळ पडली, तर ते आपला गडी घेऊन मैदान सोडायचे. अशा माणसाच्या स्मृतिदिनी मी ज्या कुस्तीबद्दल बोलणार आहे, तिचा निकाल आधी ठरलेला असतो. हे धाडस का करतोय, ते आधी सांगतो.

आमच्याकडे केबल आली नव्वदच्या दशकात. शाळेच्या दप्तरात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या, पैलवानांचे पत्ते असायचे आणि प्रत्येकाची उंची, वजन आम्हाला पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं. तालमीसमोरच्या हॉटेलात टीव्ही होता. एका संध्याकाळी आम्ही पोरं तिथं चिकटून बसलेलो असताना वस्ताद चहाला आले आणि उभ्या उभ्या बघत राहिले. पडद्यावर एक धिप्पाड गडी दुसऱ्याला खांद्यावर घेऊन खाली आपटत होता. आता आपली खरडपट्टी निघणार, या भीतीनं आमच्यातला एक जण घाईघाईनं म्हणाला, सगळं खोटं असतं हो हे. वस्तादांनी त्याला गप्प केलं. फेकणाऱ्याकडे काय बघता, पडणाऱ्याकडे बघा, म्हणाले. त्यानं हनुवटी छातीला लावलीय, दोन्ही हात पसरून आपटलेत, आणि फेकणाऱ्यानं त्याचं डोकं अगदी शेवटपर्यंत सांभाळलंय. एवढं दाखवून ते चहाकडे वळले.

त्यांनी काय दाखवलं होतं, ते कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. आज जे बोलणार आहे, ते सगळं तिथूनच निघालंय.

प्रश्न असा आहे : प्रो-रेसलिंगनं मिक्स्ड मार्शल आर्ट्सकडून, म्हणजे एमएमएकडून, काही घ्यावं का? घ्यावं, तर काय? प्रश्न जुना असला तरी आता अधिक जवळ आलाय. सप्टेंबर २०२३ पासून प्रो-रेसलिंगची डब्ल्यूडब्ल्यूई आणि एमएमएची यूएफसी या दोन्ही संस्था टीकेओ या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. ठरलेली लढत आणि न ठरलेली लढत, दोन्हींचा मालक एक. मी मात्र तुम्हाला अमेरिकेत नेणार नाही, जपानला नेणार आहे. हा प्रयोग तिथं पुरेपूर झाला, आणि त्याची किंमत कुणी कुणी मोजली, हे माणसांची नावं घेऊन सांगता येतं.

सुरुवात एका डावापासून करू. समोरच्याचं मनगट धरायचं. आपला दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलंच मनगट पकडायचं. मग त्याचा कोपरात वाकलेला हात त्याच्या पाठीकडे पिळत न्यायचा. खांद्याचा सांधा त्या दिशेनं जायला बनलेलाच नाही, त्यामुळे गडी शरण येतो किंवा हात जातो. कॅच या जुन्या पाश्चात्त्य कुस्तीतले पैलवान याला ‘डबल रिस्टलॉक’ म्हणत. आज एमएमए बघणारं शाळकरी पोर याला ‘किमुरा’ म्हणतं.

किमुरा हे एका माणसाचं आडनाव. मासाहिको किमुरा, जपानचा थोर ज्युदोपटू. १९५१ साली रिओत त्यानं ब्राझीलच्या नामांकित झुंजार घराण्यातल्या एलिओ ग्रेसीला याच डावात पकडलं. एलिओ हात सोडवेना आणि शरणही येईना, तेव्हा त्याच्या बाजूच्यांनी लढत थांबवली. ब्राझीलच्या लोकांनी हरवणाऱ्याचं नाव त्या डावाला देऊन टाकलं. ज्या घराण्याचा माणूस हरला, त्याच घराण्यानं हे नाव जगभर नेलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

हा किमुरा त्या काळी काय करत होता? प्रो-रेसलिंग. पुढे १९५४ साली डिसेंबरात त्याची गाठ रिकिदोझानशी पडली. रिकिदोझान हा कोरियात जन्मलेला माजी सुमो पैलवान. युद्धात हरलेल्या जपानला त्यानं गोऱ्या पैलवानांना लोळवून दाखवलं आणि तो राष्ट्राचा नायक झाला. किमुरानं नंतर सांगितलं की कुस्ती बरोबरीत सुटायची, असं ठरलं होतं. मध्येच रिकिदोझान खरोखर मारू लागला आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन कोसळला. जगातला एक अव्वल झुंजार, आणि तो हरला तो विश्वास ठेवल्यामुळे. त्यानं आपलं अंग दुसऱ्याच्या हाती दिलं होतं.

मित्रहो, प्रो-रेसलिंगचा पाया हा आहे. निकाली कुस्तीत मी माझं अंग राखतो. प्रो-रेसलिंगमध्ये मी माझं अंग तुझ्या हाती देतो, तू तुझं माझ्या हाती देतोस, आणि आपण दोघं समोरच्या हजारो लोकांना असं काही दाखवतो की त्यांनी श्वास रोखून धरावा. तळकोकणातल्या दशावतारात देव जिंकणार आणि असुर मरणार, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं, तरी पखवाजावर युद्ध सुरू झालं की झोपलेलं गाव उठून बसतं. त्याला खोटं कुणी म्हणत नाही. तिथे तलवार लागली, तर तो कलाकाराचा कमीपणा. प्रो-रेसलिंगचं तसंच आहे. डाव खरे, जमीन खरी, थकवा खरा. ठरलेला असतो तो फक्त निकाल.

म्हणून ‘एमएमएकडून घ्यावं का’ या प्रश्नात एक गल्लत आहे. एमएमएचा अर्धा संसार उभा राहिला तोच प्रो-रेसलिंगच्या घरात. ‘टायगर मास्क’ म्हणून जपानच्या पोरांनी ज्याला डोक्यावर घेतलं, त्या सातोरु सायामानं ऐंशीच्या दशकात मुखवटा उतरवला आणि ‘शूटो’ ही खऱ्या लढतींची पद्धत घडवली. मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी या प्रो-रेसलरांनी ‘पँक्रेस’ सुरू केलं ते सप्टेंबर १९९३ मध्ये. अमेरिकेत पहिलं यूएफसी झालं नोव्हेंबर १९९३ मध्ये. दोन महिने आधी! त्यामुळे ‘उसनं घेणं’ हा शब्द मला पटत नाही. माहेरहून दिलेली भांडी परत आणण्यासारखं आहे हे. प्रश्न उरतो तो कुठलं भांडं आणायचं आणि कुठलं तिकडेच ठेवायचं, एवढाच.

आता अँतोनियो इनोकी. पोरवयात कुटुंबाबरोबर ब्राझीलला गेलेला, तिथून रिकिदोझाननं हेरून आणलेला, कार्ल गॉच या कॅच पैलवानाच्या हाताखाली तयार झालेला. १९७२ साली त्यानं न्यू जपान प्रो-रेसलिंग ही संस्था काढली आणि एक दावा मांडला : जगातल्या सगळ्या झुंजींत प्रो-रेसलिंग सर्वांत बलवान आहे. हा दावा सिद्ध करायला त्यानं २६ जून १९७६ रोजी तोक्योच्या बुदोकानमध्ये साक्षात मुहम्मद अलीला आणलं. पंधरा फेऱ्या झाल्या. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, अली त्याला उठ म्हणत राहिला. निकाल बरोबरीत. लोक चिडले, अलीचे पाय सुजले. आज एमएमएचा इतिहास लिहिणारे त्या लढतीला मान देतात. त्या दिवशी मैदानात बसलेल्यांच्या वाट्याला मात्र ना कुस्ती आली, ना बॉक्सिंग.

त्याच वर्षी डिसेंबरात इनोकी कराचीला गेला. समोर होता अक्रम पैलवान, इमामबक्षचा मुलगा आणि गामाचा पुतण्या. गामाचं नाव आपल्या तालमींत आजही कसं घेतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथे खेळ बिनसला आणि लढत खरी झाली. इनोकीनं लावला तोच डाव, डबल रिस्टलॉक. अक्रमचा हात जायबंदी झाला. लाहोर-अमृतसरच्या मातीतून आलेलं एक मोठं घराणं परक्या गड्यापुढे हतबल झालेलं लोकांनी पाहिलं. इनोकीच्या चरित्रात ही रात्र पराक्रम म्हणून येते. मला ती वाचताना अक्रमचा खांदा दिसतो.

इनोकीच्या शिष्यांनी पुढे एक वेगळी वाट काढली. १९८४ मध्ये ‘यूडब्ल्यूएफ’ उभी राहिली, बंद पडली, १९८८ मध्ये पुन्हा उभी राहिली. आकिरा माएदा तिचा म्होरक्या. दोरांवरून धावत येणं नाही, उगाच नाटकी हातवारे नाहीत. लाथा आणि सांध्यांचे डाव. दिसायला हुबेहूब खरी लढत, निकाल मात्र ठरलेला. नोव्हेंबर १९८९ मध्ये या मंडळींनी तोक्यो डोम भरून दाखवला. बघणाऱ्यांना वाटे, अखेर खरं पाहायला मिळालं.

आणि मग १९९३ आलं. खरी लढत कशी दिसते, ते जगानं पाहिलं. ती विस्कळीत असते, कधी वीस सेकंदांत संपते, कधी दोन गडी जमिनीवर नुसते एकमेकांना आवळून पडतात. हुबेहूब नक्कल अस्सलाची जागा घेऊ शकते ती अस्सल दारात येईपर्यंत. यूडब्ल्यूएफच्या फुटीतून निघालेली नोबुहिको ताकादाची संस्था १९९६ च्या अखेरीस बंद पडली. त्याआधी, ९ ऑक्टोबर १९९५ ला, तोक्यो डोममध्ये न्यू जपानच्या केइजी मुतोनं ताकादाला हरवलं होतं. कुठल्या डावानं? फिगर-फोर लेगलॉकनं. पायांचा चारचा आकडा करून आवळायचा, आजोबांच्या काळातला, जत्रेतल्या फडातला डाव. ठरवून केलेला निकालच तो, पण ठरवणाऱ्यांना काय सांगायचं होतं ते स्पष्ट होतं. ज्याला तुम्ही खोटं म्हणून हिणवलंत, तेच अजून उभं आहे.

इथवर थांबले असते तर बरं झालं असतं. थांबले नाहीत. दोन वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९९७ ला, तोच ताकादा तोक्यो डोममध्ये रिक्सन ग्रेसीसमोर उभा राहिला, आणि या वेळी निकाल कुणीच ठरवलेला नव्हता. पाच मिनिटांच्या आत त्याचा हात पकडला गेला आणि तो शरण आला. बरोबर एका वर्षानं पुन्हा तेच घडलं. जपानभरच्या प्रेक्षकांनी मनाशी गणित मांडलं : ताकादा हरला, म्हणजे प्रो-रेसलिंग हरलं.

तुमच्यातले जाणकार इथे मला अडवतील आणि म्हणतील, साकुराबाचं काय? बरोबर आहे, त्याचं नाव घेतल्याशिवाय हे व्याख्यान पुरं होणार नाही. काझुशी साकुराबा हा ताकादाचाच पठ्ठ्या. त्यानं एकामागून एक ग्रेसी हरवले. १ मे २००० ला रॉइस ग्रेसीशी नव्वद मिनिटं झुंजला, शेवटी रॉइसच्या बाजूनं टॉवेल आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेंझो ग्रेसीला त्यानं पकडलं ते किमुरात. एलिओच्या नातवाच्या पिढीतला माणूस, जिंकणारा पुन्हा जपानी प्रो-रेसलर, आणि डाव तोच. प्रो-रेसलर खरोखर बलवान असतात, असं तो जाहीरपणे म्हणाला होता आणि त्यानं ते करून दाखवलं. त्या काळातल्या त्याच्या लढती मी आजही बघतो आणि अंगावर काटा येतो.

पण साकुराबा जिंकला तो साकुराबा होता म्हणून. त्याच्या जिंकण्यानं प्रो-रेसलिंग खरं ठरत नाही, जसं ताकादाच्या हरण्यानं ते खोटं ठरलं नव्हतं. चांगला नट तलवारबाजीत जिंकला म्हणून त्याचं नाटक चांगलं होत नाही. इनोकीला हे मान्य नव्हतं. साकुराबाचं यश पाहून त्यानं आपल्या संस्थेचे बिनीचे गडी एकामागून एक त्या खऱ्या लढतींकडे लोटले.

युजी नागाताचं उदाहरण घ्या. कच्चा गडी नव्हे. हौशी कुस्तीत गाजलेला, कुस्तीच्या घरातला. त्याचा धाकटा भाऊ कात्सुहिको यानं २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमनमध्ये रौप्यपदक मिळवलं. २००१ च्या ऑगस्टमध्ये नागातानं न्यू जपानची जी-वन स्पर्धा जिंकली. लोकांनी त्याला पुढचा मोठा पैलवान मानायला सुरुवात केली होती. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याला किकबॉक्सर मिर्को क्रो कॉपसमोर उभं केलं. डोक्यावर लाथ बसली आणि एकवीस सेकंदांत लढत संपली. २००३ च्या ३१ डिसेंबरला पुन्हा. समोर फेडोर एमेलियानेन्को, त्या काळचा जगातला सर्वांत धोकादायक माणूस. एक मिनिट दोन सेकंद. या दोन रात्रींच्या मधल्या काळात नागातानं संस्थेचं अजिंक्यपद दहा वेळा राखलं होतं, आणि ते सगळं या ८३ सेकंदांनी खाऊन टाकलं. त्याला दोष देणारे पुष्कळ होते. मला तो माणूस कायम आदराचा वाटत आला, कारण दोन्ही वेळा तो पाठवला गेला म्हणून गेला, आणि परत येऊन पुन्हा आपलं काम करत राहिला.

२००४ मध्ये तर अजिंक्यपदाचा पट्टा बॉब सॅपच्या कमरेला बांधला गेला. लढतींच्या जगात नाव झालेला महाकाय गडी. दोन महिन्यांत तो एका खऱ्या लढतीत हरला आणि पट्टा सोडून मोकळा झाला. २००५ च्या अखेरीस इनोकीनं आपला हिस्सा युक्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीला विकला. त्यानंतर हिरोशी तानाहाशीसारख्या गड्यांनी संस्था वर्षानुवर्षं खपून वर काढली. हाताशी साधनं जुनीच होती. चांगली गोष्ट, चांगला डाव, वरच्या दोरावरून मारलेली झेप.

तेव्हा माझं म्हणणं पहिलं हे : एमएमएचा निवाडा घेऊ नका. आपल्या नायकाचं मोल दुसऱ्याच्या मैदानात ठरू देऊ नका.

दुसरं, डावांचा अर्थ मात्र जरूर घ्या. एमएमएनं प्रेक्षकाला शिकवलंय. मागून गळ्याला नीट विळखा बसला की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, हे आज बघणाऱ्याला ठाऊक आहे. मग तोच विळखा चार मिनिटं घालून दोघं विश्रांती घेत बसले, तर त्याला ते कसं पटावं? २०१२ मध्ये ब्रॉक लेस्नर यूएफसीचं अजिंक्यपद भोगून डब्ल्यूडब्ल्यूईत परतला, तेव्हा त्यानं सोबत किमुरा आणला. कथेत त्यानं त्या डावानं ट्रिपल एचचा हात मोडला. हात मोडला नव्हता. पण लेस्नरनं मनगट पकडलं की प्रेक्षागृह गप्प व्हायचं. यूएफसीच्या पिंजऱ्यात तो डाव काय करतो, ते लोकांनी पाहिलेलं होतं. साठ वर्षांच्या इतिहासाचा भार त्या एका पकडीत होता, आणि समोरच्याचा खांदा शाबूत होता. याला मी उत्तम देणंघेणं म्हणतो.

तिसरी गोष्ट सांगताना माझा आवाज जड होतो. कात्सुयोरी शिबाता हा न्यू जपानमध्ये तयार झालेला गडी. इनोकीच्या त्या काळात तो बाहेर पडला, एमएमए लढला, बहुतेक हरला, आणि २०१२ मध्ये साकुराबाच्या जोडीनं परतला. त्याचा खेळ रोखठोक. छातीवरचा फटका खरा, कोपर खरं. ९ एप्रिल २०१७ रोजी तोक्योच्या र्योगोकु कोकुगिकानमध्ये काझुचिका ओकादाशी अजिंक्यपदाची लढत झाली. अर्ध्या तासाहून जास्त चालली. मी ती लढत श्वास रोखून पाहिलीय. शिबातानं स्वतःचं डोकं ओकादाच्या डोक्यावर आपटलं, त्याचा आवाज सगळीकडे ऐकू गेला आणि शिबाताच्या कपाळावरून रक्ताची एक बारीक धार खाली आली. तो हरला, आत गेला आणि कोसळला. मेंदूवर रक्त साकळलं होतं. त्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी लागली.

आता हे लक्षात घ्या. यूएफसी ज्या नियमांवर चालतं, त्यांत डोक्यानं धडक मारायला बंदी आहे. जिथं माणसं खरोखर एकमेकांना हरवायला उतरतात, त्यांनी जी गोष्ट अमानुष म्हणून काढून टाकली, ती इथे खरेपणा म्हणून घेतली गेली. त्या क्षणी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, पडद्यासमोर का होईना. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

एमएमएत आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावर कुणी कथा रचत नाही. गडी बेशुद्ध पडला की देखरेख करणारं मंडळ त्याला वैद्यकीय कारणानं काही आठवडे, कधी महिने, लढतीपासून दूर ठेवतं. गडी कितीही म्हणाला मी ठीक आहे, तरी ऐकलं जात नाही. प्रो-रेसलर मात्र वर्षाचे किती दिवस, किती गावांत, दुखऱ्या मानेनं उभा राहतो! डब्ल्यूडब्ल्यूईनं २०१० मध्ये डोक्यावर खुर्ची मारणं बंद केलं, ते योग्यच झालं. पण ठरलेल्या निकालाच्या खेळात डोक्याची काळजी न ठरलेल्या खेळापेक्षा जास्त हवी. कारण इथे समोरचा शत्रू नसतो. त्याच्या हाती मी माझं अंग विश्वासानं दिलेलं असतं. माझ्या मते, एमएमएकडून सगळ्यात आधी जे आणायला हवं ते हे.

शिबाता पुन्हा लढणार नाही, असंच सगळे धरून चालले होते. २०१८ पासून तो लॉस एंजलिसच्या डोजोत नव्या पोरांना शिकवू लागला. शिकवायला सुरुवात होते ती पडण्यापासून. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बुदोकानमध्ये, जिथे इनोकी पाठीवर पडून अलीला लाथा मारत होता तिथेच, तो पाच मिनिटांसाठी रिंगणात आला. झॅक सेबर ज्युनियरबरोबर यूडब्ल्यूएफच्या नियमांनी नुसती पकडापकड, एकही फटका नाही. लोक रडले. मग ४ जानेवारी २०२२, तोक्यो डोम. समोर त्याचाच शिष्य, रेन नारिता. जाहीर झालं होतं की ही लढत कॅच रेसलिंगच्या नियमांनी होईल, म्हणजे मार नाही, धोका कमी. घंटेच्या आधी शिबातानं माइक घेतला आणि जाहीर केलं की आपण साध्या प्रो-रेसलिंगच्या नियमांनी खेळू. नारितानं क्षणभर गुरूकडे पाहिलं आणि तो तयार झाला. मग दोघं एकमेकांसमोर आले. त्या लढतीत शिबातानं फटके मारले, फटके खाल्ले, पोराला उचललं, खाली टाकलं. मी मात्र पूर्ण वेळ नारिताकडेच बघत होतो. गुरूच्या अंगावर हात टाकताना तो पोरगा कुठे जोर लावतो आणि कुठे आवरतो, ते बघत होतो.